बॅटरी बदलली, तरी सकाळी गाडी सुरू होत नाही: दोष शोधायचा कसा

बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे दिवे उजळतात, बोनेटमधून टकटकटक आवाज येतो आणि गाडी गप्प बसते. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला की लगेच सुरू होते. मग दिवसभर काही तक्रार नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. कोणीतरी सांगतं, "बॅटरी गेली." चार-पाच हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसते, महिना-दीड महिना बरा जातो आणि एका सोमवारी सकाळी तोच टकटक आवाज परत येतो.

चार वर्षं वापरलेली बॅटरी एकदा गेली, तर तिचं वय झालं असं म्हणता येईल. वर्षभरात दुसरी बॅटरी मरत असेल, तर तिला मारणारं काहीतरी गाडीत बसलंय. ते शोधल्याशिवाय तिसरी घेऊ नका. शोधायला फार काही लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, सोबतीला एक माणूस आणि घाई नसलेली एक सकाळ पुरते.

बॅटरीकडे इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं बघा. टाकी सकाळी रिकामी सापडली म्हणजे ती फुटलीच असं नाही. पंप पाणी चढवत नसेल, रात्री कुठे गळती असेल, किंवा टाकी भरलेली असून खाली येणारा पाइप तुंबला असेल. गाडीतही हेच चार प्रश्न आहेत: बॅटरीत साठतं का, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र, ती भरतो का, बंद गाडीत कुठे गळतं का, आणि साठलेलं स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या मोटरपर्यंत, पोचतं का. दुकानात बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, कारण दुकानात बॅटरीच विकली जाते.

आधी आवाज ऐका

मीटर हातात घेण्याआधी सेल्फ मारताना नेमकं काय होतं ते लक्षात ठेवा. मेकॅनिकला फोनवर "गाडी सुरू होत नाही" एवढंच सांगितलं, तर त्यालाही काही कळत नाही.

भराभर टकटक होत असेल आणि त्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही. बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल नीट धरत नसेल. एकच जाड "टक्" होऊन शांतता, आणि हेडलाइट मात्र झगझगीत, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याला करंट जोडून देणाऱ्या सोलेनॉइडवर जातो. सेल्फ मारताच सगळे दिवे पूर्ण विझले आणि बटण सोडल्यावर परत आले, तर बहुतेक वेळा टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं निघतं. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. ती तिचं काम करतेय. दोष इंधनात, स्पार्कमध्ये किंवा क्रँकशाफ्टच्या सेन्सरमध्ये शोधा. इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद टाकीतल्या पेट्रोल पंपाची घूं ऐकू येते का, हे पहिलं बघा.

आणि काहीच झालं नाही तर? ना टकटक, ना हालचाल, दिवे मात्र ठीक. आधुनिक गाडीत यामागे बऱ्याचदा परवानगीचा प्रश्न असतो. बटण दाबताना ब्रेक पुरेसा दाबलेला आहे का. मॅन्युअल गाडीत क्लच तळापर्यंत गेलाय का, की पायाखालची मॅट मध्ये येतेय. ऑटोमॅटिकचा गिअर पी किंवा एनमध्ये आहे का. ब्रेकचे मागचे दिवे लागत नसतील, तर ब्रेक पेडलजवळचा छोटा स्विच गेलेला असू शकतो. मग तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही. चावीतला नाण्यासारखा सेल, बहुतेक गाड्यांत सीआर २०३२, संपला असेल तर डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह येतं. तेव्हा चावीच स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबा. चावीतली इमोबिलायझरची, म्हणजे गाडीला चावीची ओळख पटवणारी चिप स्वतःच्या सेलवर चालत नाही, त्यामुळे बहुतेक गाड्या अशाने सुरू होतात. काही मॉडेलमध्ये चावी टेकवायची जागा वेगळी असते. ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

सीएनजी गाडी असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. गॅस भरायच्या झाकणाशी एक मायक्रोस्विच असतो. झाकण अर्धवट लागलं असेल तर सुरक्षेसाठी गाडी सुरूच होऊ दिली जात नाही. पंपावरून निघताना हा प्रकार घडतो आणि लोक बॅटरीवाल्याला फोन लावतात. दुसरं म्हणजे बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोलचा काटा महिनोन्महिने तळाला ठेवला, तर सेल्फ फिरत राहतो पण इंजिन पेटत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून चांगली बॅटरीही उतरते.

तीन आकडे

हे सगळं नाही, खरंच टकटकच आहे, असं ठरलं की मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. टोकं केबलच्या क्लॅम्पवर ठेवू नका, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा.

पहिला आकडा विश्रांतीचा. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी दार उघडायच्या आधी घेता आला तर उत्तम. गाडी नुकतीच चालवली असेल, तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.० दिसलं की अनेकांना सगळं ठीक वाटतं. खरं तर ती बॅटरी रिकामी व्हायला आलेली असते.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. सोबतच्या माणसाला बटण दाबायला सांगा आणि मीटरकडे बघा. व्होल्टेज खाली जाणारच, पण साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी, विश्रांतीत १२.६, आणि सेल्फला एकदम ८ किंवा ७, तर ती बॅटरी आतून संपली आहे. तिला व्होल्टेज दाखवता येतं, करंट देता येत नाही. ही परीक्षा भरलेल्या बॅटरीवरच घ्यायची. उतरलेल्या बॅटरीवर घेतली तर चांगली बॅटरीही नापास होते, आणि दुकानात नेमकं हेच होतं: उतरलेली बॅटरी टेस्टरला लावली जाते, कागदावर "बदला" येतं. आधी चार्जरवर दहा-बारा तास लावून मग तपासा, असा आग्रह धरा. ३५ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरचा संथ चार्ज योग्य.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर लावूनही १३.५ च्या आसपास टिकायला हवं. इंजिन चालू असून १२.५ वरून खाली उतरत असेल, तर अल्टरनेटर भरत नाही. बेल्ट, जोडणी आणि अल्टरनेटर बघा. सतत १५ च्या वर राहत असेल, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय.

एक सावधगिरी. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमात असतो. इंधन वाचवण्यासाठी तो वेग घेताना चार्जिंग कमी करतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर वाढवतो. अशा गाडीत उभ्या उभ्या १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर उतरवायला घेऊ नका. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावा, आकडा चढतो का बघा.

एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही जुनी "अल्टरनेटर टेस्ट" अजूनही रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होते. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं, आणि त्यात इंजिनचा संगणक जाऊ शकतो. त्याची किंमत अनेक बॅटऱ्यांपेक्षा जास्त असते.

पोचतं का

तिन्ही आकडे चांगले, तरी टकटक? मग केबल बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, वायर ब्रशने खुंट आणि क्लॅम्प आतून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. कोकणात, समुद्रालगत, ही भुकटी लवकर परतते. तिथे दर पावसाळ्याआधी हे करावंच.

वरून स्वच्छ दिसणारी केबलही आतून कुजलेली असू शकते. त्यासाठी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर मायनसला इंजिन आणि बॉडीशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत दोष आहे. तसंच प्लस खुंट ते स्टार्टरचा मोठा बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती सहसा केली जात नाही, आणि काहीशे रुपयांच्या अर्थिंग पट्टीपायी हजारोंचा स्टार्टर बदलला जातो.

गळतं का

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

गाडी बंद असली तरी पूर्ण बंद नसते. सेंट्रल लॉकिंग चावीची वाट बघत असतं, अलार्म जागा असतो, घड्याळ चालू असतं. हे सगळं मिळून ५० मिलीअँपिअरच्या आत असावं. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ३५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी अशाने दोन आठवड्यांत निम्म्यावर येते, म्हणून गावाला जाऊन आल्यावर गाडी कुरकुरली तर तो दोष नव्हे. पण तोच करंट ३०० मिलीअँपिअर झाला, तर दिवसाला ७ अँपिअर-अवरपेक्षा जास्त गळतात आणि अडीच दिवसांत बॅटरी निम्मी. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी गप्प बसते, त्याचा हिशोब हा. रोज चालवल्यावर तक्रार नाही आणि सुट्टीनंतर हमखास तक्रार, असं असेल तर गळती आहे असंच धरून चाला.

मोजायची रीत अशी. गाडी बंद करा, दारं लावा. बोनेट उघडं राहणार, म्हणून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला. बोनेट लावायच्या आधी ते परत सोडायला विसरू नका. चावी घरात, गाडीपासून लांब ठेवा. मायनस केबल काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून खुंट आणि केबल यांच्यामध्ये जोडा. आता वाट बघा. सुरुवातीला एखाद-दोन अँपिअर दिसतील, कारण गाडीतले छोटे संगणक जागे असतात. ते एकेक करून झोपतात. वीस ते चाळीस मिनिटं लागतात, काही गाड्यांना तासभर. पाच मिनिटांत आकडा बघून "गळती सापडली" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि मीटर असा जोडलेला असताना इग्निशन ऑन करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

तासाभरानंतरही २००-३०० मिलीअँपिअर असतील, तर फ्यूज बॉक्सकडे वळा. फ्यूज उपसत बसू नका, कारण फ्यूज काढला-लावला की झोपलेले संगणक परत जागे होतात. फ्यूजच्या पाठीवर दोन छोटे उघडे धातूचे ठिपके असतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर लावून त्या दोन ठिपक्यांना टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. आकडा आला, की ती वाट पकडा.

नेहमीचे गुन्हेगार बाहेरून बसवलेले असतात: डॅशकॅम जो पार्किंगमध्येही रेकॉर्ड करतो, जीपीएस ट्रॅकर, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतो ते) विसरलेला ब्लूटूथ डोंगल, कायमच्या प्लसला जोडलेला म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर. डिकीचा दिवा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवाही बघा. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला आणि झाकण लावलं की दिवा विझतो का ते कळतं. चिकटलेला रिले (फ्यूज बॉक्समधला विजेवर चालणारा स्विच) हाताला कोमट लागतो. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर वायरिंगचं आवरण कुरतडतात, त्यातूनही गळती होते.

सगळे फ्यूज शून्य आणि गळती तशीच? मग अल्टरनेटर. त्याची जाड वायर सहसा आतल्या फ्यूज बॉक्सकडे न जाता थेट बॅटरीकडे येते, आणि त्यातला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बिघडला तर रात्री त्यातूनच करंट उलटा वाहतो. दिवसा चार्जिंगचा आकडा साधारण बरोबर दिसत असल्यामुळे हा दोष वर्षभर लपून राहू शकतो. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर टेकवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अल्टरनेटर उतरवून तपासून घ्या.

एक प्रकार मुद्दाम सांगतो, कारण तो मोजताना सापडत नाही. एका नातेवाइकांच्या रो-हाउसमध्ये गाडी भिंतीला लागून उभी असे. गळती मोजली तर ३० मिलीअँपिअर, अगदी निर्दोष. बॅटरी नवी. तरी दर सुट्टीनंतर गाडी गप्प. चावी अडकवायचा हूक नेमका त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला होता. चावी न फिरवता, ती नुसती जवळ असली की उघडणारी गाडी जवळ आलेल्या चावीशी बोलत राहते. चावी अंतरात असेपर्यंत ती नीट झोपत नाही. मोजताना चावी दूर नेलेली, म्हणून आकडा चांगला. हूक दुसऱ्या खोलीत हलवला आणि तक्रार थांबली.

बॅटरी खरंच बदलायची असेल तर

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते. स्वस्त पडते म्हणून तिथे साधी बसवली, तर ती सततच्या उतार-चढावात लवकर मरते. जुन्या बॅटरीवरचं लेबल वाचून तीच जात, तेच माप घ्या. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर चार्जर आणि जंपर केबल मायनस खुंटाला न लावता बॉडीच्या अर्थ बोल्टला लावा, नाहीतर गाडीचा हिशोब चुकतो. काही गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं.

आपल्याकडे बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त खातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली बॅटरी तेव्हा कुरकुरत नाही. डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी, घट्ट झालेलं ऑइल ढवळायची वेळ येते तेव्हा हात टेकते. बॅटरीवरचा तो हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

पुण्या-मुंबईत रोज तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा. सेल्फ मारायला लागणारी वीज तशी थोडी, पण रात्रीची गळती आणि ट्रॅफिकमधले एसी-वायपर यांची भरपाई दहा मिनिटांत होत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्तास लागतात. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की पत्र्यांवर सल्फेट जमतं आणि क्षमता कायमची घटते. अशा गाडीला महिन्यातून एकदा रात्रभर स्वयंचलित चार्जर लावणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तोवर गाडी सुरू करायची तर

जंपर केबलचा क्रम: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, म्हणून हे. पाच मिनिटं चांगली गाडी चालू ठेवून मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. सुरू झाल्यावर एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग असे चार-पाच इशारे एकदम पेटले तर घाबरू नका. व्होल्टेज पडल्यावर असं होतं आणि थोडं चालवल्यावर बहुतेक विझतात. न विझलेला दिवा मात्र दाखवून घ्या.

धक्का मारणं फक्त मॅन्युअल गाडीसाठी, आणि डॅशबोर्डचे दिवे तरी लागत असतील तेव्हाच. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजिनचा संगणक आणि पेट्रोल पंपच चालत नाहीत, कितीही ढकला. ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीला धक्का देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही लक्षात ठेवावं की मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की गाडी "रेडी" होत नाही. वरचा विश्रांतीचा आकडा आणि गळतीची मोजणी तिलाही लागू. फक्त नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना कागदावर लिहून न्या: विश्रांतीचा आकडा, सेल्फचा आकडा, इंजिन चालू असतानाचा आकडा, तासाभरानंतरची गळती, आणि गाडी किती दिवस उभी राहिल्यावर बंद पडते. हे पाच आकडे हातात असले, की चांगला इलेक्ट्रिशियन थेट दोषाच्या जागी हात घालतो, आणि "आधी बॅटरी बदलून बघू" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन यायची हिंमत तुम्हालाही येते.